दहा अधिक दहा, सव्वाअठरा

आमच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रातल्या दोन ट्रान्सफॉर्मरपैकी एक जळाला, तेव्हा दुसरीकडून तेवढाच, १० एमव्हीएचा, उचलून आणला. दोघांचा व्हेक्टर ग्रुप डीवायएन-११, फेज तपासलेले, टॅप सारखे. दोन्ही समांतर चालू केले. नेमप्लेटवर मात्र जुन्याचा इम्पिडन्स ८.३५ टक्के होता आणि आणलेल्याचा १०.

उसाच्या पंपांचा जोर वाढून लोड १९ एमव्हीएला टेकला आणि ऑपरेटरमामांचा फोन आला.

"साहेब, जुना ५४० अँपिअर ओढतोय आणि नवा साडेचारशेवर आरामात आहे. दोन्ही दहाचेच ना?"

दहाचेच. पण करंट क्षमता विचारत नाही, जिकडे अडथळा कमी तिकडे जास्त जातो. साडेचोपन्न टक्के लोड जुन्यावर पडत होता. ११ केव्ही बाजूला त्याची मर्यादा ५२५ अँपिअर. तो १० एमव्हीएला भरतो तेव्हा दुसरा ८.३५ वरच असतो, म्हणजे जोडीची खरी क्षमता २० नव्हे, १८.३५. वाइंडिंगमधल्या अंतरावर बराचसा इम्पिडन्स ठरतो. कारखान्यातून बाहेर पडल्यावर त्यात बदल करता येत नाही.

मी पोचलो तर दोन्ही मीटर पाचशेच्या आसपास! मामांनी जुन्याचा व्होल्टेज दोन टॅप उतरवून ठेवला होता. समांतर ट्रान्सफॉर्मरचे टॅप सारखे ठेवायचे, हे आम्ही पाठ केलेलं. त्यामुळे मी आधी जरा चिडलोच. मग पॅनेलसमोर बसून गणित मांडलं.

एक टॅप सव्वा टक्क्याचा. अडीच टक्के फरकाने दोघांत साधारण ७० अँपिअर नुसता फिरत राहतो, आणि तो जवळपास सगळा रिअॅक्टिव्ह. पंपांमुळे पॉवर फॅक्टर ०.८, म्हणजे जुना रिअॅक्टिव्हही बराच वाहत होता. त्यातले ७० नव्याकडे सरकले आणि आकडे जुळले. मेगावॉटची वाटणी मात्र तिळभरही हलली नव्हती, साडेचोपन्न टक्के जुन्यावरच. मामांची युक्ती खरी होती, पण ती वाईट पॉवर फॅक्टरच्या जिवावर चालत होती. पंप बंद झाले की तेच ७० अँपिअर फुकट फिरून दोघांना तापवणार. हे नियमात बसत नाही, म्हणून ते मूर्खपणाचं ठरत नाही. अडचणीच्या तासाला मीही तेच केलं असतं.

दुखणं पॉवर फॅक्टरचं असेल तर औषधही तिथेच. यार्डात ४ एमव्हीएआरची कपॅसिटर बँक फ्यूज उडून पडून होती. फ्यूज बदलले, बँक घेतली, टॅप पुन्हा सारखे केले. पॉवर फॅक्टर ०.९ वर आला, तेच १५.२ मेगावॉट १९ ऐवजी १७ एमव्हीएच्या आत बसले. जुना ४८० च्या थोडा वर, नवा ४०० वर.

मामा मीटरकडे बघून म्हणाले, "अजून सारखे नाहीतच की."

"नसू देत. दोघंही मर्यादेत आहेत ना?"

त्यांना ते फारसं पटलं नाही. पंपांची वेळ संपली की बँक बाहेर काढायची, नाहीतर बसचा व्होल्टेज चढेल, एवढं मी रजिस्टरमध्ये लिहिलं. मामांनी खाली सही केली.