मामींचे कान आणि मधली डबी

आंबोली घाट उतरून, सावंतवाडी-बांदा करत पत्रादेवीचा नाका ओलांडला की पेडणे येतं. तिथं माझ्या मामांचं घर. मामी माहेरच्या धारवाडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना कोकणी येत नव्हती आणि सासूबाईंना कानडी. दोघींच्या मधे दुवा एकच, मामांचा रेकॉर्ड प्लेअर. भीमसेनजी गदगचे, मराठीत अभंग गायचे, कानडीत दासांची पदं. अभंग लागला की सासूबाई खूश, पद लागलं की मामी. पुढं दोघींना दोन्ही आवडायला लागलं.

मामा गेले. जुन्या पेटीतला अॅम्प्लिफायरही कधीतरी मुका झाला. आतेभावंडांत आम्ही त्याला दादा म्हणतो, त्या मामेभावानं हौसेनं नवा अॅम्प्लिफायर आणि मोठे स्पीकर आणले आणि जुन्या तबकडीच्या सुईची वायर थेट त्याला जोडून दिली. रेकॉर्ड वाजली. मामी म्हणाल्या, "ह्यात तंबोरा कुठाय?"

सगळे हसले. वयोमान, दुसरं काय! कान तपासून घ्या, असंही झालं. मामींनी वाद घातला नाही. फक्त रेकॉर्ड लागली की त्या उठून स्वयंपाकघरात जाऊ लागल्या.

गेल्या चवथीला मी गेलो तेव्हा माटोळीखाली बसून त्या हळूच म्हणाल्या, "बाबू, सगळे म्हणतात म्हणजे गेलेच असतील माझे कान." मला ते लागलं. मी मोबाईल त्याच स्पीकरला जोडला आणि तोच अभंग लावला. मामींनी मान वर केली. "हा बघ तंबोरा!" स्पीकर तेच, कान तेच. मग खोट कुठं होती?

बेळगावात आमच्या ओळखीचे एक जुने रेडिओ दुरुस्तीवाले आहेत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सुई क्रिस्टलची की मॅग्नेटची?" क्रिस्टलची, म्हटल्यावर ते हसले. म्हणाले, ही सुई फार अशक्त. तिच्यापुढं किमान 10 लाख ओहमचा रोध लागतो. आजच्या अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी साधारण 10 ते 50 हजार ओहमच असतात. एवढा भार सुईला पेलत नाही. मग आधी खर्ज गळतो, वरचे सूर तेवढे उरतात. तंबोऱ्याचा खर्ज, पखवाजाची डावी बाजू, गळ्याचा भरदारपणा, सगळं पातळ होतं.

उपाय छोटा होता. त्यांनी काडेपेटीहून थोडी मोठी डबी करून दिली. आत एक एफईटी जातीचा ट्रान्झिस्टर, चार सुटे भाग, 9 व्होल्टची बॅटरी. याला बफर म्हणतात. तो आवाज वाढवत नाही, आला तेवढाच पुढं देतो. मात्र सुईकडून घेताना जवळजवळ काहीच ओढत नाही आणि अॅम्प्लिफायरला देताना भक्कमपणे देतो. डबी सुईजवळच ठेवा, वायर लांबली की घूं असा आवाज शिरतो, हेही त्यांनी बजावलं.

मी लगेच म्हटलं, मग माझ्या सीडी प्लेअरलाही एक द्या. ते म्हणाले, "कशाला? तो स्वतःच भक्कम आहे. तिथं डबी लावून फरक पडणार नाही, उलट थोडी खरखर वाढेल." व्हॉल्व्हचे बफरही मिळतात; त्यांनी आवाज गोड वाटतो तो बऱ्याचदा व्हॉल्व्ह स्वतःची थोडी भर घालतो म्हणून. ती आवडीची गोष्ट. मामींच्या घरी मात्र गरजेची गोष्ट होती.

डबी पाहून मला आई आठवली. मामी नव्या होत्या तेव्हा सुट्टीत माहेरी आली की आईच दोघींच्या मधे बसायची. बेळगावात राहून तिला कानडी येत होतं. मामींचं सासूबाईंना सांगायची, सासूबाईंचं मामींना. पदरचं काही घालायची नाही, काही गाळायचीही नाही. घरोघरी अशी एक व्यक्ती असते, तिच्यामुळं दुबळा आवाजही पुरा पोचतो.

डबी जोडली, तबकडी फिरली. मामी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि मामांच्या खुर्चीत बसल्या. पहिलं कडवं संपेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग माझ्याकडं पाहून माहेरच्या बोलीत म्हणाल्या, "ईग छलो केळस्तद."

दादा खाली मान घालून रेकॉर्ड पुसत राहिला. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस काही ऐकू येत नाही म्हणालं, तर कानांच्या आधी एकदा वायर तपासून पाहा.