एका लाल रेषेसाठी

सूर्य पाहण्यासाठी दुर्बीण घ्यायची ठरवली तेव्हा मोठे भिंग म्हणजे मोठे दर्शन, अशी आमची समजूत होती. पैसे ग्रंथखरेदीसाठी साठवलेले; त्यामुळे घरात वादही झाला. साधा श्वेतप्रकाशाचा फिल्टर स्वस्तात मिळतो, पण त्यातून डाग दिसतात, ज्वाला नाहीत. ज्वालांसाठी हायड्रोजन-अल्फाची, ६५६.२८ नॅनोमीटरची, एकच लाल रेषा ठेवून बाकी जवळजवळ सगळा प्रकाश नाकारावा लागतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात गुंटूर येथे जान्सेनने ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा पाहिल्या आणि त्यांच्याच आधारे दुसऱ्या दिवशी ग्रहणाविना ज्वाला पाहिल्या. आम्हांला हवे होते ते हेच.

६० मिलिमीटरची एक जुनी दुर्बीण निम्म्या किमतीत मिळत होती. तिचा एक फिल्टर गढुळला होता. मोह झाला, पण इथे चुकीची किंमत डोळ्यांनी चुकवावी लागते. अखेर नवी, ४० मिलिमीटरची, एका अँगस्ट्रॉमहून अरुंद पट्ट्याची घेतली.

पहिल्याच सकाळी काठावर एक उजळ ज्वाला दिसली आणि बिंबावर एक काळी रेघ. दोन्ही वस्तू एकाच जातीच्या, हे मागाहून उमगले : मागे आकाश असले की ती उजळते, मागे सूर्य असला की काळवंडते. संदर्भ बदलला की अर्थ बदलतो, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. पाहिले मात्र त्या दिवशी.