साडेतीन तासांचे अंतर

झ्युरिकमध्ये दुधाच्या कॉफीचा एक कप पाच ते सहा स्विस फ्रँकला पडतो. आपल्या हिशेबाने पाचशे रुपयांच्या वरच. पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि कप तसाच खाली ठेवला. मुलगी हसून म्हणाली, “बाबा, हे कॉफीचे पैसे नाहीत, जागेचे भाडे आहे.”

ती खरेच बोलत होती. तिचे घर म्हणजे एक खोली आणि तिला लागून असलेले चिंचोळे स्वयंपाकघर. जगातल्या महागड्या शहरांत गणल्या जाणाऱ्या या गावी नोकरदार तरुणांना परवडते ते एवढेच. आठवड्यातले दोन दिवस तिला कार्यालयात न जाता काम करण्याची मुभा आहे. परंतु त्या एका खोलीत आई-वडील पाच आठवड्यांसाठी मुक्कामाला आल्यावर तिने काम करावे कुठे? म्हणून ती कोपऱ्यावरच्या कॅफेत जाऊन बसे. पत्नीला सरोवराच्या काठाने फिरण्याची गोडी लागली आणि मी माझा जुना लॅपटॉप घेऊन मुलीसमोरच्या खुर्चीत बसू लागलो. दवाखाना एका तरुण सहकाऱ्याकडे सोपवला होता. त्यामुळे माझ्याकडे लेखनाचे थोडे काम होते, आणि दुसरे एक काम होते ते साताऱ्यात राहणाऱ्या माझ्या त्र्याऐंशी वर्षांच्या आईचे.

कॅफेची शिस्त मला आवडली. भिंतीलगतच्या टेबलांपाशी विजेचे प्लग, दारातल्या फळीवर सूचना: दुपारच्या जेवणाच्या वेळी आणि शनिवार-रविवारी लॅपटॉप बंद. दीड-दोन तासांनी काहीतरी मागवावे, हा संकेत कुणी लिहून ठेवला नव्हता, पण सगळे पाळत होते. घर अपुरे पडले की काम बाहेर न्यावे, ही या शहराची जुनीच रीत दिसते. १९१६-१७ मध्ये लेनिन येथे एका गल्लीत खोली भाड्याने घेऊन राहत होता. मागच्या अंगणातल्या सॉसेजच्या कारखान्याच्या दुर्गंधीमुळे खिडकी उघडण्याची सोय नव्हती. वाचन-लेखनासाठी तो ग्रंथालये गाठत असे. १९११ साली सुरू झालेल्या ओडेऑन कॅफेत लेखक, चित्रकार आणि परागंदा झालेली माणसे वर्तमानपत्रे चाळत तासन्‌तास बसत. त्यांच्या हातातल्या वर्तमानपत्रांच्या जागी आता लॅपटॉप आले आहेत, इतकेच.

डॉक्टरची नजर मात्र सुट्टीवर जात नाही. त्या लहान गोल टेबलांवर लॅपटॉप ठेवून बसलेल्या प्रत्येकाची मान पुढे झुकलेली, खांदे कानांकडे ओढलेले, पाय अधांतरी. पडदा डोळ्यांच्या पातळीला आणायचा तर लॅपटॉप उंच ठेवून कळफलक वेगळा जोडावा लागतो. मुलीला तो मी दुसऱ्याच दिवशी घ्यायला लावला. कॉफीवरही माझे लक्ष असे. निरोगी प्रौढाने दिवसभरात ४०० मिलीग्रॅमपेक्षा अधिक कॅफिन घेऊ नये, असे युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मत आहे, आणि गाळलेल्या कॉफीच्या २०० मिलिलिटरच्या कपात ते साधारण ९० मिलीग्रॅम असते. जागेचे भाडे कॉफीतच भरायचे म्हटले तर संध्याकाळपर्यंत ही मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. तिसऱ्या फेरीला ती मग पुदिन्याचा चहा मागवू लागली. पाण्याला मात्र या शहरात तोटा नाही. रस्तोरस्ती मिळून बाराशेहून अधिक कारंजी आहेत आणि जवळजवळ सगळ्यांचे पाणी पिण्याजोगे आहे. बाटली भरून घ्यावी आणि पुढे चालावे.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठ वाचकांना येथे एक सांगावेसे वाटते. मुले कामात गढलेली आणि आपण बंद घरात दिवसभर दूरचित्रवाणीसमोर, अशी अवस्था अनेकांची होते. पहिल्या महिन्यातच झोप बिघडते, बद्धकोष्ठ होते, मन उदास होते. अशा वेळी मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर दोन तास कॅफेत जाऊन बसण्याचा संकोच बाळगू नये. भाषा येत नसली तरी माणसांचा वावर औषधासारखा उपयोगी पडतो. तेवढ्यासाठी का होईना, कपडे बदलून, बूट घालून दोन चौक चालणे घडते. लघवीची गोळी घेणाऱ्यांनी किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी स्वच्छतागृहाजवळचे टेबल निवडावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आपली औषधे मूळ वेष्टनात आणि जेनेरिक नावे लिहिलेल्या चिठ्ठीसह जवळ ठेवावीत. आणि स्वित्झर्लंडमध्ये असाल तर रुग्णवाहिकेचा क्रमांक १४४ आहे, तो फोनमध्ये नोंदवून ठेवावा.

आता आईविषयी. तिचे हृदय थोडे दुर्बल आहे, रक्तदाब जुना. सोबतीला दिवसभर एक मावशी असतात, रात्री त्यांची बहीण झोपायला येते. उन्हाळ्यात झ्युरिक आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. मी दहा वाजता कॅफेत बसलो की साताऱ्यात दीड वाजलेला असे, म्हणजे आईचे जेवण आटोपण्याची वेळ. ती साडेनऊला झोपायला जाई तेव्हा येथे सहा वाजून कॅफेतल्या खुर्च्या टेबलांवर उलट्या होऊ लागत. तिची दुपार आणि संध्याकाळ अशी पूर्णपणे आमच्या वाट्याला आली. तिची सकाळ मात्र कुणाच्याच हाती नव्हती. ती पहाटे सहाला उठते तेव्हा येथे रात्रीचे अडीच वाजलेले असतात. वृद्ध माणसाला चक्कर येते, तोल जातो, तो बहुधा अंथरुणातून उठताना आणि न्हाणीघराकडे जाताना. नेमका तोच प्रहर दूरच्या मुलाच्या झोपेत बुडालेला असतो.

मी रोज अकराच्या सुमारास व्हिडिओ कॉल करीत असे आणि आई रोज एकच उत्तर देई: “मी बरी आहे रे, तू तुझं बघ.” कुठलीही आई याहून वेगळे काय सांगणार? पडद्यावर फक्त चेहरा दिसतो, आणि मुलाचा फोन आला की आईचा चेहरा उजळतोच. म्हणून मी मावशींना फोन समोरच्या स्टुलावर ठेवायला सांगे. खुर्चीतून उठणे, तीन मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे. याला बारा सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. वाचकांपैकी जे दूर राहून आई-वडिलांची काळजी वाहतात त्यांनी हे अवश्य करून पाहावे. मात्र शेजारी कुणीतरी उभे असले पाहिजे. बोलताना वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागतो का, ऐकावे. आणि पाय पाहावेत. पाय कधी खोटे बोलत नाहीत.

तरीही खरी बातमी मला या परीक्षेतून कळली नाही. ती कळली नातीला.

मुलगी चार वाजता कामातून अर्धा तास मोकळी होई आणि कानांत इयरफोन घालून कॅफेबाहेरच्या बाकावर आजीशी बोलत बसे. साताऱ्यात तेव्हा साडेसात. दिवेलागण उरकलेली, मालिका सुरू व्हायला अवकाश. बोलण्याला विषय नसे. लोणच्याची कैरी, शेजारची मांजर, झ्युरिकच्या ट्राममध्ये कुत्र्यांनाही तिकीट लागते हे ऐकून आजीचे हसणे. अशाच एका संध्याकाळी आजी सहज म्हणाली, “ती दुपारची गोळी मी आठ दिवस सोडलीय. रात्री चारदा उठावं लागतं गं, त्या बाईची झोपमोड होते.”

ती लघवीची गोळी होती. दुसऱ्या दिवशी मी पाय दाखवायला सांगितले, तेव्हा दोन्ही घोट्यांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ उमटलेले होते. सहकारी डॉक्टर तासाभरात घरी गेले. वजन दोन किलोने वाढले होते, छातीत तळाशी थोडे पाणी असल्याचे आवाज होते. इस्पितळाची पायरी न चढता काम निभावले. त्या गोळीचा परिणाम सुमारे सहा तास राहतो. आई ती चारच्या चहाबरोबर घेत होती. त्यांनी ती वेळ बाराची करून दिली. मी हे येथे सांगतो ते गोळ्यांच्या वेळा घरच्या घरी बदलाव्यात म्हणून नव्हे. रुग्ण औषध सोडतो त्यामागे कधीकधी विसराळूपणा नसतो, दुसऱ्याला त्रास होऊ नये ही भीड असते, आणि ती प्रश्न विचारून बाहेर येत नाही. डॉक्टर मुलाने विचारून तर नाहीच नाही.

सकाळच्या प्रहराचा प्रश्न आम्ही पैशाने आणि थोड्या ओळखीने सोडवला. रात्रीच्या ताई आता साडेसातपर्यंत थांबतात, आई उठली की आधी दोन मिनिटे पलंगाच्या कडेला बसते, रोज त्याच काट्यावर वजन होते आणि वहीत लिहिले जाते. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर फोन मला नव्हे, थेट सहकाऱ्याला जातो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे एक तास मागे जातात आणि हे अंतर साडेचार तासांचे होते. मग झ्युरिकचे चार म्हणजे साताऱ्याचे साडेआठ. तोवर आईचे डोळे मिटू लागलेले असतात. मुलीने आताच आपल्या वरिष्ठांशी बोलून हिवाळ्यासाठी तीन ते साडेतीनची वेळ मोकळी करून घेतली आहे. कार्यालयाच्या दिनदर्शिकेत त्या चौकटीत तिने मराठीत एकच शब्द लिहिला आहे: आजी.