आठच्या पुढे

रात्रीचे पावणेबारा. वहीची तीन पानं खाडाखोडीनं भरलीत, चहा केव्हाच गार झालाय. गुडविनचं १९६५ चं मॉडेल हातानं सोडवायचा हट्ट माझाच. समीकरणं तीनच: जनुकावरून आरएनए, आरएनएवरून प्रथिन, प्रथिनामुळे आणखी एक रेणू. आणि तो रेणू मागे येऊन त्याच जनुकाला म्हणतो, पुरे आता.

मला वाटलं होतं, स्वतःलाच दाबणारं जनुक हेलकावे खाणारच. छे! ग्रिफिथनं १९६८ मध्येच दाखवलंय की तिघांचाही ऱ्हासदर सारखा, म्हणजे सगळ्यात सोयीचा धरला, तरी हेलकावे टिकायला हिल घातांक, म्हणजे दाबणाऱ्या रेणूंची एकजूट सांगणारा आकडा, आठच्या वर लागतो. मी चार घेतला होता. आलेख दोन-चार गटांगळ्या खाऊन गप्प बसला. आठ म्हणजे फारच! इतकी एकजूट सोसायटीच्या सभेतही दिसत नाही.

आणि मग सकाळची अंघोळ आठवली. सोलरचं पाणी गच्चीवरून खाली यायला वेळ घेतं. गार वाटलं म्हणून गरम नळ वाढवला, तर थोड्या वेळानं चटका. घाईनं कमी केला, तर हुडहुडी. माझा हात फार जोरात फिरत नव्हता, पाणी उशिरा पोचत होतं.

पेशीतही असाच उशीर असतो. उंदराच्या पेशींत हेस१ हे स्वतःच्याच जनुकाला दाबणारं प्रथिन साधारण दर दोन तासांनी चढतं-उतरतं. २००३ मध्ये निक मंकनं आरएनए आणि प्रथिन तयार व्हायला लागणारी मिनिटं समीकरणात घातली, आणि हेलकावे टिकायला एवढा मोठा घातांक लागेना.

उद्या विलंब धरून पुन्हा मांडतो. त्याआधी प्लंबरला फोन.