पाकळीचा ‘ल’ आणि शासनाची हद्द

धारवाडच्या उच्च न्यायालय खंडपीठात बेळगाव जिल्ह्याची प्रकरणे येतात. त्यामुळे निपाणी-खानापूरकडची मराठी वाटणीपत्रे आणि मृत्युपत्रे माझ्या टेबलावर नेहमीच असतात. कार्यालयातील संगणक डेबियन या मुक्त प्रणालीवर चालतो. त्यावर मराठी प्रत काढली की शब्द सारे बिनचूक उमटत. ‘ल’ आणि ‘श’ मात्र हिंदी वळणाचे. एक वयोवृद्ध पक्षकार कागद न्याहाळून म्हणाले, “वकीलसाहेब, हे अक्षर आमच्यातलं न्हवं.” कायद्याच्या दृष्टीने त्या आक्षेपाला अर्थ नव्हता. भाषेच्या दृष्टीने होता.

युनिकोडमध्ये ‘ल’ला एकच क्रमांक आहे, भाषा मराठी असो, हिंदी असो वा नेपाळी. वळण ठरवतो तो फॉन्ट, म्हणजेच टंक. अनेक टंकांत मराठी आकृती असते. परंतु मजकूर मराठी असल्याची खूण प्रणालीला मिळाली तरच ती प्रकट होते. ही अडचण ओळखून डेबियनमध्ये ‘फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी’ हे स्वतंत्र पॅकेज ठेवलेले आहे.

महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरण्याचा निर्णय काढला. निर्णय स्वागतार्हच, पण त्याचा अंमल राज्याच्या हद्दीपर्यंत. आम्हां सीमेपलीकडच्यांना त्याचा आधार घेता येत नाही. मुक्त परवान्याला मात्र अशी हद्द नसते.

लोहित टंक रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये जीपीएल परवान्याखाली खुले केले. तो परवाना मुळात संगणक-प्रणालींसाठी घडलेला. टंक एखाद्या दस्तऐवजात अंतर्भूत केला, तर परवान्याच्या अटी त्या दस्तऐवजालाही लागू होतात काय, असा प्रश्न त्यातून निघे. २०११ मध्ये लोहितने ओपन फॉन्ट लायसन्स स्वीकारले. त्यात स्पष्ट लिहिले आहे की, टंक वापरून केलेल्या दस्तऐवजाला या अटी लागू नाहीत. टंक वापरावा, बदलावा, वाटावा. फक्त तो सुटा विकू नये, आणि बदललेल्या आवृत्तीला राखीव नाव देऊ नये. वकील म्हणून सांगतो, इतका सुबोध करार क्वचितच वाचायला मिळतो.

हा करार प्रत्येक फाईलला खरोखर लागू आहे ना, हे तपासून नोंदवणे हे पॅकेज सांभाळणाऱ्याचे पहिले काम. मग नवी आवृत्ती आली की ती बांधायची, जोडाक्षर तुटल्याची तक्रार आली तर मूळ कर्त्यांपर्यंत पोचवायची. हे काम बहुतांशी स्वयंसेवक करतात. सांभाळणाऱ्याने अंग काढून घेतले की ते पॅकेज ‘अनाथ’ म्हणून जाहीर होते. कुणीच पुढे आले नाही आणि दोष साचत गेले, तर ते भांडारातून काढलेही जाते. आमच्या कायद्यात अनाथाला पालक नेमण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. इथे पालकाने स्वतःहून पुढे यावे लागते.

आपण सीमाभागातले लोक फलकावरील भाषेसाठी अर्ज करतो, मोर्चे काढतो, आणि ते करायलाच हवे. पण पडद्यावरच्या अक्षरासाठी कुणाच्या दारी जावे लागत नाही. घरातील एखाद्या संगणक शिकणाऱ्या मुलाने वा मुलीने एक मराठी टंक-पॅकेज सांभाळायला घेतले, चुकलेल्या ‘र्‍या’ची एक रीतसर तक्रार नोंदवली, तरी ती दुरुस्ती निपाणीला जशी मिळेल तशीच इंदूरला, तंजावरला आणि लंडनलाही मिळेल. त्यासाठी कोणत्याही सरकारची संमती लागणार नाही.