माळावरून खारीत

भाताची झोडणी आटपली की नागोठण्याच्या आसपास शेताशेतांत वाल पेरतात. त्याला ना पाऊस लागतो ना पाटाचं पाणी. जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दंवावर तो वाढतो. रोहे-पेणकडच्या माणसाला थंडी पडली की पोपटी आठवते, ती ह्याच वालाच्या शेंगांमुळे. गुरं बाळगणाऱ्याला मात्र त्याच वालाचा घोर लागतो. पावसाळाभर गुरं वर डोंगरउताराच्या वरकसात चरलेली असतात. मार्गशीर्षात तिथलं गवत पिवळं पडतं, कुसळी आपली कुसळं काढते आणि ती गुरांच्या तोंडात, कातडीत रुतायला लागतात. खाली हिरवं दिसतं ते सगळं लोकांच्या पोटापाण्याचं. तिथे गाय शिरली तर मालकाने काय बोलावं याचे गावात संकेत ठरलेले आहेत, आणि ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मग उरतो तो खारेपाट. अंबा नदीच्या कडेने रोहा तालुक्यातून पेण तालुक्यात उतरलं की कासूच्या पुढे तो सुरू होतो. बांध घालून खाडीपासून राखलेली सपाट भातशेती. पीक एकच, पावसाळ्यातलं. कापणीनंतर जमिनीतलं मीठ वर यायला लागतं, त्यामुळे वाल-बिल काही नाही. थेट पुढच्या मृगापर्यंत शेतं उघडी. भाताची धसकटं, बांधावरचं खारट गवत, डबक्यांच्या कडेची हिरवळ. म्हणून आमची गुरं दर हिवाळ्यात माळावरून खारीत जातात आणि शिमग्याच्या सुमाराला परत वर येतात.

‘आमची गुरं’ म्हणजे फार नाहीत: पाच गाई, दोन वासरं आणि एक गोऱ्हा, ज्याला औताला जुंपायचं कुणाच्या डोक्यात नाही. नांगरट पॉवर टिलरने होते, दूध पिशवीतून येतं. ही गुरं हौसेची आहेत हे लपवण्यात अर्थ नाही. बायको त्यांना ‘तुमचं क्रिकेट’ म्हणते. दोन-अडीच लिटर दूध देणाऱ्या, ठेंगण्या, तांबूस-काळ्या, चढाला न दमणाऱ्या ह्या गाईंना जन्मभर सगळे गावठीच म्हणत आले. 2018 साली कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने ‘कोकण कपिला’ म्हणून त्यांची वेगळी जात नोंदवली, आणि जी गाय कुणी फुकट घेत नव्हतं तिच्याकडे पुण्या-मुंबईची माणसं निरखून बघायला लागली. गाईंच्या वागण्यात त्यामुळे काही फरक पडलेला नाही.

निघायचं ते पहाटे. राखणीला कातकरवाडीतले काका असतात. वय त्यांनाही नक्की ठाऊक नाही. हातातली काठी वापरताना मी त्यांना क्वचितच पाहिलंय. गोठ्याचं बेडं काढायचं म्हणजे एकेक बांबू खांबाच्या भोकातून सरकवायचा. खालचा बांबू अजून जागेवर असतानाच मोरी पुढे येते. ती सगळ्यांत थोराड नाही, दुधालाही फार नाही, पण तिच्याआधी कुणी बाहेर पडत नाही. बांबूवरून मान काढून ती आधी हुंगते. मग नाकपुड्या मोठ्या होतात, कान एकदा पुढे एकदा मागे जातात, आणि गळ्यातली घाट एकदाच वाजते. कुठे जायचंय हे तिला कळलेलं असतं. माळाची वाट डावीकडे, खारीची उजवीकडे. ती उजवीकडे वळते. तिच्यामागे ढवळी, मग वासरं, सगळ्यांत शेवटी बांडी, जिच्या गळ्यात अजून लोढणं आहे, कारण गेल्या साली तिला वालाची चव लागली. काका म्हणतात, “गुरांना हाकायचं नसतं भाऊ, त्यांच्या मागं राहायचं असतं.” त्यांना चालायला सोपं आहे; मला मध्येच फोन येतात.

खरी कसोटी मुंबई-गोवा महामार्गाची. गुरांना डांबर वर्ज्य नाही, उलट पावसाळ्यात रात्री मोकाट गुरं त्याच कोरड्या रस्त्यावर बसलेली असतात. पण रुंद झालेल्या रस्त्याला दुभाजक आले, त्यातली फट दोन किलोमीटर पुढे, आणि गाईला फट कशी समजावणार? आम्ही ओढ्याच्या मोरीतून जातो. पुढे रूळ लागतो. रोह्यापर्यंतची ही रेल्वे. पुढे कोकण रेल्वे सुरू होते. गाडीच्या भोंग्याला गोऱ्हा शेपूट उभारून बिथरतो, मोरी ढुंकूनही बघत नाही.

ह्या डोंगरपट्ट्यात गुरं हलवणं हे हौसेचं काम कधीच नव्हतं. सह्याद्रीतले गवळी धनगर म्हशी घेऊन जंगलाच्या उतारावर राहत, खोऱ्यातले कुणबी भात करत. लोणी-तुपाच्या बदल्यात धान्य मिळे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी 1982 साली त्यांच्यावर निबंध लिहिला तेव्हाच ही घडी विस्कटत चालली होती. वाटा मात्र तेव्हा शाबूत होत्या. भांडणं व्हायची, गुरं कोंडवाड्यात जायची (त्याचा कायदा 1871 चा, इंग्रजांचा), पण गुरांची वाट बंद करावी असं कुणाच्या मनात येत नसे. चारा कमी आणि वाटा भरपूर.

आता उलटं झालंय. निम्मी वरकस पडीक आहे, गवत कमरेएवढं उभं राहतं, खायला गुरं नाहीत. माघ-फाल्गुनात तेच गवत वणव्यात जातं, आणि सोबत कुणाची आंब्याची कलमंही. आमच्या आठ तोंडांनी किती चरणार म्हणा, पण ज्या उतारावर ती फिरतात तिथे आग पायवाटेशी येऊन अडखळलेली मी बघितली आहे. गवत मुबलक आहे तर मधला रस्ता प्लॉटांच्या तारांनी अडवलेला. जमिनी विकल्या गेल्या, सिमेंटचे खांब आले, काही ठिकाणी झटका मशीन आलं. रानडुकरांसाठी ते ठीकच, पण वासराला डुकरापासून वेगळं ओळखायची सोय त्यात नाही.

खारेपाटात पोहोचल्यावर गुरं पहिल्यांदा पाणी शोधत नाहीत. मीठ फुटलेल्या बांधाला जीभ लावतात, कितीतरी वेळ चाटत राहतात. गोडं पाणी हीच तिथली अडचण आहे. उन्हाळा तापला की गावतळं तळाला जातं, बायका टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंडे मांडून बसतात, आणि अशा वेळी आठ गुरं तळ्यावर न्यायची म्हणजे माणसाला मान वर करवत नाही. म्हणून आम्ही त्याआधीच परततो. तोवर वाल काढून झालेला असतो.

यंदा परतीच्या वाटेवर एका नव्या आमराईच्या गेटला साखळी दिसली. मालक मुंबईचे; फोन लावला.

“वर्षातून किती वेळा?”

“दोनदा. एकदा जाताना, एकदा येताना.”

“आणि आमच्या कलमांना शेणखत मिळेल?”

मी हो म्हटलं. दर फेरीला दोन पाट्या शेण गेटाशी टाकायचं ठरलं. काकांना हा सौदा अजून पटलेला नाही. त्यांचं म्हणणं, एवढं शेण तर गुरं जाता जाता फुकटच टाकतात, मग ते पाटीत घालून न्यायला आपण काय बैल आहोत?