डब्यातला कागद

तांदळाचा डबा भरताना आई आधी तळाशी चार शेर तांदूळ ओतायची, त्यावर वर्तमानपत्राचा कागद अंथरायची आणि वर उरलेले तांदूळ. भात लावताना कागद दिसला, की "कागद लागला हो," एवढंच म्हणायची. बाबा पिशवी घेऊन निघायचे. बाबांचा पगार कित्येकदा लांबायचा, पण डबा रिकामा झालेला मला आठवत नाही.

मार्च २०२१ मध्ये मी चाकणच्या एका कारखान्यात मटेरियल प्लॅनिंगला रुजू झाले. समोर साडेतीन हजार पार्ट नंबरांची एक्सेल फाइल. जीआरएन, लीड टाइम, सेफ्टी स्टॉक. आणि एमआरपी म्हणजे तर तोवर मला पुड्यावरची किंमतच ठाऊक; इथे ते मालाच्या गरजेचं नियोजन निघालं. २३ मार्चला 'एव्हर गिव्हन' हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं रुतलं. आमचे युरोपातून येणारे सेन्सर त्याच्यामुळे खोळंबलेल्या एका जहाजावर होते. ते न्हावा-शेव्याला कधी लागणार, हे प्रत्येक जण मलाच विचारायचा. लाइन थांबली त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी रडले.

दुसऱ्या दिवशी स्टोअरमधल्या काकांनी मला रॅकपाशी नेलं. बोल्टचे दोन ट्रे, एकामागे एक. "पुढचा संपला की मागचा ओढायचा, अन् हे कार्ड तुमच्या टेबलावर. कार्ड आलं की मागवा, ताई." मी त्या कार्डाकडे बघत राहिले. हा तर आईचा कागद! टोयोटात ताइची ओनो यांनी रुजवलेली कानबान पद्धत ती हीच. मग हिशेब सुचला: रोज ४०० बोल्ट, माल यायला ५ दिवस, म्हणजे २,०००, वर अडीअडचणीला ८००, तोच सेफ्टी स्टॉक. कार्ड २,८०० वर. नव्या माणसाला आधी फाइल देऊ नये, रॅक दाखवावा, असं मला फार वाटतं.

पण सेन्सरचं काय? त्यांचंही कार्ड होतंच; तरी लाइन थांबली. रात्री आईला फोन केला.

"पावसाळ्यात तू कागद वर घ्यायचीस ना गं?"

"हो, आठ शेरांवर. ओढ्याला पाणी आलं की वाट बंद. किती दिवस, ते कुणाला माहीत?"

रुतलेलं जहाज तर २९ मार्चलाच सुटलं होतं. मी फाइल उघडली, सेन्सरची ओळ शोधली आणि सेफ्टी स्टॉकच्या रकान्यातले १० दिवस खोडून २५ केले.